दोन चुलींचं वाक्य

आईला इंग्रजी मी शिकवलं, असं मी आयुष्यभर मोठ्या तोऱ्यात सांगत आले. लोकांनीही ते कौतुकाने ऐकून घेतलं. ते खोटं नाही, पण त्यात एक गोष्ट मी दर वेळी गाळत आले. ती गाळली की गोष्ट फार छान होते. आज ती सगळी सांगून टाकते आणि मोकळी होते.

आम्ही तेव्हा वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी राहत होतो. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. बाबा पोस्टात तारबाबू होते, आई मुलींच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या बाई, आणि मी त्यांची एकुलती एक, मॅट्रिकच्या वर्गातली, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारी मुलगी. आई सातवी पास होती. त्या काळी तेवढ्यावर मास्तरकी मिळायची, आणि आईने ती एकोणीस वर्षं केली होती. गावात घरोघर फिरून, "पोरगी उद्यापासून शाळेत धाडजो, नाईतर मी रोज येऊन बसीन," असा दम देऊन तिने त्या शाळेत मुली आणल्या होत्या. जुन्या हेडबाई निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर आईच बसू लागली, पण हंगामी.

मग एके दिवशी तपासणीला साहेब आले. त्यांनी मुलींच्या कविता ऐकल्या, आईने केलेला चहा घेतला आणि जाता जाता सांगितलं की शाळेला आता पाचवीपासून पुढचे वर्ग जोडायचे आहेत, तिथे इंग्रजी सुरू होणार, म्हणून हेडबाई मॅट्रिक झालेली पाहिजे. पुढल्या डिसेंबरपर्यंत सर्टिफिकेट दाखवा. नाहीतर दुसरी कोणी मॅट्रिक झालेली बाई इथे येईल आणि तुमची बदली करावी लागेल, कुठे ते आज सांगता येत नाही.

आई घरी आली, पाय धुतले आणि मला म्हणाली, "मी तुह्यासोबत मॅट्रिकले बसून राह्यली. बाहेरून. फॉर्म भराचा आहे."

मला वाटलं, थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. गणित, इतिहास, भूगोल, मराठी हे तिला काहीच वाटत नव्हतं. प्रश्न होता तो इंग्रजीचा. आईला एबीसीडी येत होती, आणि स्टेशनवरच्या पाट्या वाचता येत होत्या. झालं.

बाबांना भारी हुरूप आला. त्यांना आपल्या इंग्रजीचा अभिमान होता. पण बाबांचं इंग्रजी म्हणजे तारेचं इंग्रजी. मदर सीरियस, स्टार्ट अॅट वन्स. कॉटन सोल्ड, रिटर्निंग मंडे. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडतात, म्हणून बारीकसारीक शब्द त्यांनी वीस वर्षं लोकांच्या मजकुरातून वेचून फेकले होते, आणि हळूहळू त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की ते शब्द मुळात कोणाला नकोच असतात.

"अ, अॅन, द हे सारे रिकामटेकडे आहेत," त्यांनी पहिल्याच दिवशी आईला सांगितलं. "त्याईले घेऊन काय कराचं?"

"अवो, मले परीक्षा द्याची आहे, तार नाई कराची," आई म्हणाली, आणि बाबांची मास्तरकी तिथेच संपली. मग ती माझ्याकडे आली.

सकाळी स्वयंपाकाच्या वेळी आमचा वर्ग भरायचा. आई चुलीपुढे, मी पाटावर व्याकरणाचं पुस्तक मांडीवर घेऊन. पुस्तकाचं कव्हर निघालं होतं, आणि त्यात वाक्याचे तुकडे कसे पाडायचे यावरच शंभर पानं होती. सब्जेक्ट, प्रेडिकेट, ऑब्जेक्ट, फ्रेज, क्लॉज. आमच्या शाळेतल्या सरांनी हे सगळं आम्हाला पाठ करायला लावलं होतं. मी ते आईला तसंच्या तसं म्हणून दाखवलं. आईने भाकरी उलटली आणि विचारलं, "पण असं काऊन?"

हा काऊन माझ्या डोक्याला फार ताप देणारा होता. चौथीच्या मुलींना एकोणीस वर्षं शिकवल्यामुळे आईला कुठलीही गोष्ट कारणाशिवाय गळी उतरत नसे.

"कर्ता पहिले, मग क्रियापद, मग कर्म. इंग्रजीत असंच असते," मी म्हणाले.

"मागंपुढं केलं तर?"

"अर्थ बदलते."

"आपल्यात नाई बदलत. पोराले गाय मारून राह्यली, गाय पोराले मारून राह्यली, कसंबी म्हण. मार पोरगाच खाते."

हे आमच्या सरांनी कधी सांगितलं नव्हतं. मग आईनेच त्याचा उलगडा केला. आपल्याकडे ज्याच्या मागे 'ले' लागला तो मार खाणारा, मग तो वाक्यात कुठेही जाऊन बसो, त्याची सुटका नाही. इंग्रजांकडे तो 'ले' नाही. मग ओळखायचं कशावरून? तर बसण्याच्या जागेवरून. क्रियापदाच्या अलीकडे बसला तो मारणारा, पलीकडे बसला तो मार खाणारा. "म्हणून ते जागा सोडत नाईत," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून इंग्रजी वाक्यातल्या शब्दांना आईने कधी इकडचं तिकडे केलं नाही. आमच्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुली मॅट्रिकपर्यंत ते करत होत्या. मीसुद्धा.

क्रियापद लवकर येतं याची मात्र तिला मनापासून चीड होती. मराठीत माणसाला शेवटपर्यंत मोकळीक असते, असं तिचं म्हणणं. एकदा ती ओसरीत बसून मला शेजारच्या काकूंबद्दल सांगत होती, "त्या बाईच्या हातचं पिठलं म्हंजे मायबाई, एक घास तोंडात घातला का," आणि तेवढ्यात काकू स्वतःच दारात उभ्या. आईने डोळ्याची पापणीही न हलवता वाक्य पुरं केलं, "पाटावरून उठावंसंच वाटत नाई!" काकू खूश होऊन आत आल्या. त्या गेल्यावर आई मला म्हणाली, "पाह्य, इंग्रजीत मी दुसऱ्याच शब्दाले पकडली गेली असती."

पण आईचा खरा पराक्रम म्हणजे फ्रेज आणि क्लॉज. या दोघांमधला फरक मला स्वतःला नीट येत नव्हता. व्याख्या तोंडपाठ होती, पण समोर लांबलचक वाक्य आलं की कुठे तोडायचं ते कळत नसे. मी एक वाक्य तिच्या पाटीवर लिहिलं: द ओल्ड मॅन हू लिव्ह्ज निअर द स्टेशन सेल्स ऑरेंजेस. स्टेशनजवळ राहणारा म्हातारा संत्री विकतो.

आईने एकेका शब्दावर बोट ठेवत पाटी वाचली. मग फुंकणी बाजूला ठेवून म्हणाली, "याच्यात चुली दोन आहेत."

"काय?"

"लिव्ह्ज एक अन् सेल्स एक. क्रियापद म्हंजे चूल. जिथं चूल पेटली तिथं बिऱ्हाड आलं. ते तुहं क्लॉज. अन् हे निअर द स्टेशन, याच्यात चूल कुठी आहे? नाई. हे नुसते पाहुणे. ज्याच्याकडे आले त्याच्याच चुलीवर जेवणार."

मी म्हणाले, "बरं, मग दोन बिऱ्हाडांत मोठं कोणतं?"

"सेल्सवालं. घरमालक तो. हूवालं बिऱ्हाड भाड्यानं राह्यते. त्याची चूल आपली आहे, पण घर आपलं नाई. घरमालकाले काढलं तर ते रस्त्यावर येते. नुसतं 'हू लिव्ह्ज निअर द स्टेशन' म्हटलं तर लोक इचारतीन, कोन व बाई?"

त्या सकाळी एक भाकरी करपली. मी ती कुरकुर न करता खाल्ली. प्रिन्सिपल क्लॉज, सबॉर्डिनेट क्लॉज, जे आमच्या सरांच्या तोंडून दोन वर्षं ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते एका चुलीने शिरलं. पुढे आम्हाला वेडच लागलं. पुस्तकातलं कसलंही वाक्य उघडायचं, आधी चुली मोजायच्या, मग घरमालक शोधायचा, मग भाडेकरू, मग पाहुणे कोणाकडे उतरलेत ते ठरवायचं. व्हेन, बिकॉज, इफ, ऑलदो हे शब्द आईच्या भाषेत दारं. भाडेकरूचं दार वेगळं असतं, ते दिसलं की आत चूल आहे असं समजावं. बाबा ऑफिसला निघताना म्हणायचे, "झालं का मायलेकीचं गाव वसवून?"

शाळेत मी हे सगळं माझी युक्ती म्हणून सांगितलं. मैत्रिणींनी वाहवा केली. आईचं नाव मी घेतलं नाही.

कारण त्याच मुली मला हसत होत्या. आईचा फॉर्म गेला ही बातमी गावात लपणं शक्यच नव्हतं. "तुह्या आईचा नंबर तुह्याअगोदर लागला की मागून?" "दोघी एकाच डब्यातून खासान काय मधल्या सुट्टीत?" बोलणाऱ्या सगळ्या आईच्याच हाताखालून गेलेल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मला त्या प्रत्येकीच्या वेण्या ओढाव्याशा वाटत. आणि राग त्यांच्यावर निघत नसल्यामुळे तो आईवर निघे. तिने एखादा स्पेलिंगचा घोळ केला की मी पुस्तक आपटायची. "तुले नाई जमणार हे, कशाले करते?" असंही एकदा म्हणून गेले. ती म्हणाली, "चौथीतल्या पोरीबी मले असंच म्हणते, बाई मले नाई जमत. त्याईले मी मारत नाई." आणि पाटी पुसून तोच शब्द पुन्हा लिहिला.

परीक्षेचं केंद्र वर्ध्याला होतं. आम्ही दोघी आठवडाभर पिपरीला मावशीकडे राहिलो. पिपरी तेव्हा गावच होतं, वर्ध्याला लागून, शेतातून पायवाटेने जायचं. पहिल्या पेपरच्या दिवशी त्या वाटेवर मी आईला थांबवलं आणि म्हणाले, "केंद्रावर मी तुले ओळखत नाई. तूबी मले ओळख दाखवू नको."

आईने पदर सारखा केला. "बरं," म्हणाली. एवढंच. मग ती दहा पावलं मागे राहिली, आणि आठवडाभर रोज जाताना-येताना, गेट जवळ आलं की ती आपणहून दहा पावलं मागे राहायची. एकदाही तिला सांगावं लागलं नाही.

इंग्रजीचा दुसरा पेपर, म्हणजे व्याकरण आणि निबंधाचा, शेवटून दुसऱ्या दिवशी होता. मोठा हॉल, बाकांच्या रांगा. सिंदीच्या आम्ही सात मुली. माझी जागा खिडकीकडच्या रांगेत, आणि बाकीच्या सहा जणी पलीकडच्या रांगेत एकामागे एक. बाहेरून बसणाऱ्यांना रांगांच्या शेवटी बसवलं होतं, त्यामुळे त्या सहा जणींच्या मागे आई. म्हणजे तिची जुनी चौथी तिच्यापुढेच बसली होती, फक्त या वेळी तिच्याकडे पाठ करून.

पेपरमध्ये वाक्यपृथक्करणाचा प्रश्न होता. पंधरा गुण. मी तो वाचला आणि मला हसू आलं, कारण त्यात चार चुली होत्या, तीन दारं, आणि पाहुणे तर खंडीभर. आईला तर हा प्रश्न म्हणजे सणच. पण आईला जेवताना गोड पदार्थ शेवटी खायची सवय होती, आणि पेपर सोडवतानाही तिने तेच केलं. आधी निबंध, मग पत्र, मग उतारा, आणि पृथक्करण अगदी शेवटी, वेळ हातात ठेवून, मजेत करायचं म्हणून राखलेलं.

दहा मिनिटं उरली की केंद्रावर एक टोल पडायचा. वेळ संपला की टोलावर टोल. व्हरांड्यात रुळाचा तुकडा टांगला होता, त्यावर चपराशी हातोडी मारायचा.

आईच्या शाळेतही रुळाचाच तुकडा होता. तिथे एका टोलाचा अर्थ एकच. पाट्या गोळा करा.

टोल पडला आणि आई उठली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती आपल्या जागेवर उभी होती. हातात तिचा पेपर. तो तिने उलटा धरला, पुढच्या मुलीच्या खांद्याशी हात नेला, आणि त्या मुलीने, मॅट्रिकला बसलेल्या सतरा वर्षांच्या घोडीने, मागे वळूनही न पाहता आपला पेपर त्या हातात दिला. मग तिच्या पुढची. मग तिच्या पुढची. चौथीत वर्षभर ज्या हातात पाटी दिली तो हात खांद्याशी आल्यावर द्यायचं असतं, इतकंच त्यांना ठाऊक. एकीचंही चुकलं नाही. आई मागून पुढे, बाकामागून बाक, पेपरांच्या कडा जुळवत चालली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रोजच्या कामाचं जे शांतपण असतं तेच होतं.

मी हाक मारू शकत होते. ती दुसऱ्या बाकापाशी असतानाच, "आई!" एवढा एक शब्द. ती लगेच भानावर आली असती, सगळे हसले असते, आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली असती. दहा मिनिटांत तिने ते पृथक्करण दोनदा केलं असतं.

मी मान खाली घातली. माझं मी लिहीत राहिले.

सुपरवायझर दारात पाणी पीत होते. ते वळले तेव्हा आई त्यांच्या टेबलापाशी पोचली होती. तिने गठ्ठा टेबलावर ठेवला, दोन्ही बाजूंनी ठोकून सारखा केला आणि त्यांना विचारलं, "सुतळी कुठी आहे?"

पुढे जे व्हायचं ते झालं. सुपरवायझर ओरडले, आईचा हात तोंडावर गेला, सहा मुलींना आपले पेपर गेल्याचं एकाएकी कळलं आणि त्यांनी एकच गलका केला. केंद्रप्रमुखांना बोलावलं. ते जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मुलींचे पेपर मुलींना परत दिले. आईचा पेपर मात्र हातात धरून ठेवला. उमेदवाराने आपण होऊन जागा सोडली, पेपर टेबलावर आणून दिला, तो परत देता येणार नाही. आईने वाद घातला नाही. उलट मागे वळून त्या मुलींना म्हणाली, "पाह्यत काय राह्यल्या? लिहा न!"

केंद्रप्रमुखांनी तिला झाल्या प्रकाराचा खुलासा लिहून द्यायला सांगितला. तिने उभ्याउभ्याच लिहिला. तो त्यांनी चष्मा वर करून हलक्या आवाजात वाचला, आणि माझं बाक पुढे असल्यामुळे मला ऐकू आला. व्हेन द बेल रँग, आय कलेक्टेड द पेपर्स, बिकॉज आय हॅव डन सो फॉर नाइन्टीन इयर्स. तीन चुली. घरमालक मधोमध, दोन्ही बाजूंना भाडेकरू, दारं जिथल्या तिथे, आणि द सुद्धा एकही गळलेला नाही. केंद्रप्रमुख म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे तुमचं, बाई." मग कागद घडी करून फायलीत ठेवला. त्याला गुण नव्हते.

आईने ही सगळी हकीकत बाबांना घरी अशी रंगवून सांगितली की बाबा हसून हसून खाटेवरून पडायचे राहिले. "तारेत लिहिलं असतं तर तीन शब्दांत काम होतं," ते म्हणाले. "बेल, हॅबिट, सॉरी." आईही हसली. मी हसले नाही, तर दोघांना वाटलं मला अजूनही लाज वाटते आहे. लाज वाटतच होती. कशाची ते त्यांना माहीत नव्हतं, असं मी समजत होते.

निकालाचं वर्तमानपत्र स्टेशनवर आलं. माझा नंबर होता. आईचा नव्हता. नंतर गुणपत्रक आलं. बाकी सगळ्या विषयांत उत्तम, इंग्रजीत आठ गुण कमी. पंधरातले आठ. आईने माझ्या पास होण्याचे पेढे अख्ख्या आळीत स्वतः वाटले, आणि प्रत्येक घरात सांगितलं की पोरीनं मले शिकवलं, मीच धांदरट निघाली. मला तो पेढा गिळता येईना. मी तो गाईला घातला.

एका विषयात थोडक्यात राहिलेल्यांना दिवाळीच्या आधी पुन्हा बसता यायचं. डिसेंबरच्या आत निकालही लागायचा. म्हणजे ही एकच संधी. त्या वर्षी पावसाळ्यात मी वर्ध्याच्या कॉलेजसाठी पिपरीला मावशीकडे राहायला गेले आणि दर शनिवारी सिंदीला येऊन आईचा अभ्यास घेऊ लागले. पुस्तक एकदाही आपटलं नाही. खरं तर शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई मलाच लांबलांब वाक्यं घालायची आणि मी चुली मोजायची.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारली. आईला म्हणाले, "मीबी येते." पिपरीच्या त्या वाटेवर गेट दिसू लागलं तशी आई सवयीने मागे रेंगाळली. मी तिचा हात धरला आणि तिला सोबत घेऊन आत गेले, अगदी हॉलच्या दारापर्यंत. बरीच मंडळी होती. कोणीही आमच्याकडे पाहिलं नाही, पाहण्यासारखं काही नव्हतंच.

पेपर सुरू झाल्यावर मी बाहेर कडुनिंबाखाली बसले. चपराशाने दोनदा हटकलं. मी दोनदा उठले आणि तो वळला की पुन्हा येऊन बसले. शेवटचा अर्धा तास मला बसवेना. मी खिडकीच्या खाली जाऊन उभी राहिले. आतलं काही दिसत नव्हतं, खिडकी उंच होती. चपराशी हातोडी घेऊन व्हरांड्यात आला, आणि त्याने रुळावर एक ठोका मारला.

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आई! बसून राह्य! दहा मिनिटं आहेत अजून!"

सगळ्या केंद्राने ऐकलं असेल. आतून हसण्याची एक लाट आली, कोणीतरी "शांत बसा" म्हणून दरडावलं, आणि चपराशाने मला दंडाला धरून गेटच्या बाहेर काढलं. मी गेटला टेकून उभी राहिले. दहा मिनिटांनी टोलावर टोल पडले आणि पोरं बाहेर येऊ लागली. आई सगळ्यांत शेवटी आली. आली ती तोंडाला पदर लावून हसतच.

आई त्या परीक्षेत पास झाली, खुर्ची तिचीच राहिली, आणि निवृत्त होईपर्यंत तिने पाचवीच्या मुलींना इंग्रजी शिकवताना पहिल्या दिवशी फळ्यावर चूल काढली. हे मी सगळ्यांना सांगते. न सांगितलेलं आहे ते त्या दिवशी परतताना झालेलं बोलणं.

"कशाले ओरडली?" ती म्हणाली. "मी पदर बाकाच्या पायाले बांधून ठेवला होता. उठलीच असती तर लुगडं फाटलं असतं."

मीही हसले. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "पृथक्करण सगळ्याच्या पहिले करून टाकलं." मग आणखी थोडं चालल्यावर, माझ्याकडे न पाहता, "मार्चात टेबलापाशी मी तुह्याकडे पाह्यलं होतं. मले वाटलं, तू सांगशीन आता काय कराचं ते. तुहं डोकं खाली होतं. पण त्याच्या अगोदर तू मागं वळून पाह्यलं होतं, तेबी मले दिसलं होतं."

माझे पाय जागीच थांबले. "मग तेव्हा काऊन नाई बोलली? एवढे दिवस काऊन नाई बोलली?"

"ओळख द्याची नाई असं ठरलं होतं न आपलं."

मी त्या पायवाटेवर उभी राहून रडायला लागले, लहान पोरीसारखी, हुंदके देऊन. आईने पदराने माझं तोंड पुसलं. बाकाच्या पायावरून सरकवून काढलेली गाठ त्या पदराला तशीच होती, ती माझ्या गालाला लागली. "चाल," ती म्हणाली, "मावशी जेवाची थांबली असन." आणि माझ्यासोबत चालू लागली.